दीड बोट माया

आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक खोली आहे, कपाटाएवढी. तिथं बसून लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देणाऱ्या बाईला आम्ही ‘दीडबोट’ म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागे म्हणायला ती काय परकी आहे? कुणीही कपडा पुढे टाकला की ती आधी तो उलटा करते, शिवणीला बोट लावते आणि न्यायाधीशासारखा निकाल देते, “दीड बोट माया आहे, होईल.” नाहीतर, “माया सोडलेलीच नाही. कुणा कंजूषानं शिवलंय हे?” माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की उसवून बाहेर काढायचं, उतरलं की परत आत घ्यायचं. माझ्या झग्यांची माया तिनं आजवर बाहेरच काढली आहे. आत घ्यायची वेळ मी तिच्यावर येऊ दिलेली नाही.

ती राहते तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात. इमारतीला लिफ्ट नाही. घरात नवरा, तो बस चालवतो; आणि सासूबाई, टपालखात्यातून निवृत्त झालेल्या. अजूनही त्या समोरच्या माणसाकडे पत्ता अपुरा असल्यासारखं बघतात. मागच्या चौकात आमच्या दोघींच्या कपड्यांच्या दोऱ्या समोरासमोर आहेत. आता दोरी समोर आहे म्हटल्यावर माणूस बघणारच, कपडे काय डोळे मिटून वाळत घालायचे? त्यांच्या उशांचे अभ्रे मला तोंडपाठ आहेत. नवऱ्याचा निळ्या चौकटींचा, सासूबाईंचा पांढरा आणि पापडासारखा कडक, आणि तिचा दुकानातल्या कातरणांचा, सतरा रंगांचे तुकडे जोडलेला. एक दिवसाआड धुवायचे ही सासूबाईंची शिस्त. माणशी एक अभ्रा, एकूण तीन.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, छत्तिसाव्या वर्षी, तिला दिवस राहिले. इमारतीत कुणाला आधी कळलं हे मी सांगत नाही, उगाच माझी स्तुती नको. सातव्या महिन्यात ती जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागली. छातीत धडधड व्हायची. इस्पितळात जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आम्हा चौघीपाचजणींना तिनं सगळं समजावून सांगितलं.

“अहो काकू, अंगातलं रक्त म्हणे जवळजवळ दीडपट होतं. ते फिरवायला काळीज मिनिटाला दहा-पंधरा ठोके जास्त टाकतं. त्याच्या भिंती जरा जाड होतात, आतली जागा वाढते. मी म्हटलं, म्हणजे माया सोडतं. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, तसंच समज.”

“आणि बाळ झाल्यावर?”

“परत आत. बरंचसं काही आठवड्यांत, राहिलेलं पुढच्या काही महिन्यांत.”

“आमच्या ह्यांचं काळीज कुणी शिवलं कोण जाणे,” मी म्हटलं, “पंचवीस वर्षं उसवतेय, पाव बोट सुटलं नाही.”

सगळ्या हसल्या, ती सगळ्यात जास्त. हसता हसता तिला धाप लागली, पण आता धापेलाही कारण मिळालं होतं. काळीज माया सोडतंय, आणखी काय.

डॉक्टरीणबाईंनी तिला आणखी एक गोष्ट बजावली होती. ती शिवणकामात कुठे बसेना, म्हणून तिनं आम्हाला सांगितली नाही. आणि बहुतेक स्वतःलाही परत सांगितली नाही.

मुलगी झाली. दोघी ठणठणीत. पोरीचा आवाज असा, की बापानं बसचा हॉर्न घरी आणून ठेवलाय असं वाटावं. मी जाऊन नाक कुणासारखं, कान कुणाचे, ते ठरवून आले. सगळं कसं झकास.

बारा-तेरा दिवस झाले असतील. दोरीवर कातरणांचे दोन अभ्रे दिसले. चार दिवसांनी तीन. नवऱ्याचा एकच, सासूबाईंचा एकच, हिचे मात्र वाढत चाललेले. मी खिडकीतून हाक मारली, “काय गं, उशांचं दुकान काढलंस की काय?”

“पाजायला टेकून बसलं की बरं पडतं, काकू!” ती म्हणाली आणि खोकली.

मला पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्याचा विनोद केला आणि चारी मजले वाटत फिरले. दीडबोट हल्ली राणीसारखी लोडाला टेकून असते, सासू हुजऱ्या झालीय, वगैरे. दोरीवर चौथा अभ्रा आला त्या दिवशी तर मी तळमजल्यापर्यंत बातमी नेली. तो विनोद आता आठवला की तोंड कडू होतं.

पाचव्या आठवड्यात तिनं दुपारी तासभर दुकान उघडायला सुरुवात केली. कुणाचं ऐकेल तर शपथ. मी माझा झगा घेऊन खाली गेले, तर ती स्वतःचाच झगा उलटा करून काखेतली शिवण उसवत बसली होती.

“अगं, पोर बाहेर आली ना? आता आत घ्यायचं, तू आणखी बाहेर काय काढतेस?”

“छातीत घट्ट होतो, काकू. श्वास पुरत नाही. अर्धं बोट उरलंय, तेवढं सोडते.”

उसवलं, कच्चा टाका घातला, पडद्यामागे जाऊन घालून आली. झगा तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. बगलेत माझा हात गेला असता. तिनं श्वास घेतला, अर्ध्यात अडला. पुन्हा घेतला, पुन्हा अडला. मग सुईकडे बघितलं, सुईनंच काहीतरी लबाडी केल्यासारखं.

“सगळी माया काढली,” ती हळूच म्हणाली. “घट्ट व्हायला आता शिवणच उरली नाही. तरी घट्टच आहे.”

माझी नजर तिच्या पायांवर गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. मी वाकून घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. मी बघत राहिले, तो भरेचना. आणि त्या खड्ड्याकडे बघताना दोरीवरचे चारही अभ्रे माझ्या डोक्यात एकामागून एक येऊन टांगले गेले.

“तू झोपतेस कशी गं?”

“झोपते की.”

“आडवी?”

ती कात्री शोधायला लागली. कात्री तिच्या मांडीवर होती.

मी तिसऱ्या मजल्यावर कशी चढले ते विचारू नका. सासूबाई पोरीला थोपटत होत्या.

“तिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं.”

“बाळंतिणीला दम लागतोच,” त्या म्हणाल्या. “मला नव्हता लागला?”

“तुम्ही किती उशा घेऊन झोपत होतात?”

त्यांचा थोपटणारा हात थांबला. “एक.”

“ही चार घेते. मी दोरीवर मोजतेय, आणि हसतेय.”

सासूबाईंचा चेहरा पांढरा झाला, त्यांच्या अभ्र्यासारखा. “चार घेऊनही ती झोपत नाही,” त्या पुटपुटल्या. “तीन दिवस बसूनच आहे. मला वाटलं, पोरीसाठी जागते.” मग उठल्या, पोरीला दुपट्यात गुंडाळलं, फाईल काढली. चाळीस वर्षं टपाल वेळेत पोचवलेली बाई ती. गाडी बोलावली, मुलाच्या डेपोत निरोप ठेवला आणि चपला पायात अडकवता अडकवता मला म्हणाल्या, “तुम्हीही चला. ती खोटं बोलेल.”

आणि बोललीच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “उशा किती घेतेस?”

“एक. कधीतरी दोन.”

“चार,” मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोण?”

“मी समोरची दोरी.”

त्या हसल्या नाहीत. “सातव्या महिन्यात तुला काय सांगितलं होतं?” त्या तिला म्हणाल्या. “आडवं पडून श्वास घेता आला नाही, तर त्याच दिवशी ये. आठवतं?”

तिनं मान खाली घातली. “मला वाटलं, काळजानं माया अजून आत घेतली नसेल.”

हृदयाची सोनोग्राफी झाली. तोवर नवरा आला, अंगावर खाकी, हातात बसची किल्ली तशीच. हृदय मोठं झालं होतं आणि रक्त पुढे ढकलायची ताकद निम्म्यावर आली होती. फुप्फुसात पाणी साचलं होतं. बाळ झाल्यावर गर्भाशयातलं रक्त मागे फिरतं, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पहिले काही दिवस हृदयावर मोठा भार असतो. बहुतेक जणींचं तो पेलतं आणि हळूहळू पहिल्यासारखं होतं. थोड्या जणींचं मात्र बाळंतपणाच्या आसपास थकतं. का, ते नेमकं सांगता येत नाही. “तुझी चूक नाही. पण धाप, सूज सगळ्याच बायकांना थोडीफार असते, म्हणून हे लपून राहतं.”

“परत आत येईल ना?” तिनं विचारलं.

“बऱ्याच जणींचं येतं.”

“माझं?”

“आज नाही सांगू शकत. औषधं घे, मीठ कमी कर, सहा महिन्यांनी बघू.”

जगाला एका बोटात निकाल देणारी बाई, तिला सहा महिन्यांची तारीख मिळाली. नवऱ्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. पोर तेवढी हॉर्न वाजवत होती.

आठ दिवसांनी ती घरी आली. लघवीच्या गोळ्यांनी पायांची सूज उतरली, आणि माझी नोकरी सुरू झाली. सकाळी चहाच्या आधी दोरी. तीन. मग बरेच दिवस दोन. एकदा पुन्हा तीन दिसले, तर माझ्या हातातली बादली खाली चौकात गेली, आणि नंतर कळलं की आदल्या धुण्याचा एक काढायचा राहिला होता. आमचे हे म्हणाले, “तिला औषध चालू आहे, तुला कोण देणार?” विनोद करायची माझी सवय गेली नव्हती, पण आता केला तरी आधी तिच्या घोट्यांकडे बघून करायची. सासूबाईंनी सगळ्या उशा आपल्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. मागितली की मोजून द्यायच्या, सहीच तेवढी घेत नव्हत्या.

अखेर दोरीवर तिचा एकच अभ्रा आला आणि टिकला. महिनाभर एकच.

सहा महिन्यांची तपासणी होती त्या दिवशी सकाळी मी पडदा सारला. कातरणांचे तीन अभ्रे.

मी अनवाणी धावले. दोन्ही हातांनी दार बडवलं. सासूबाईंनी उघडलं, तर मला धड बोलताही येईना. “तीन!” मी म्हटलं. “तीन आहेत!”

आतून दीडबोट आली, कडेवर पोर. “काय झालं काकू? इतका दम लागला? किती उशा घेता?”

“फाजीलपणा नको. तीन कसे?”

“एक माझा. दोन तुमचे आणि काकांचे. कापडाचा रंग जातो, म्हणून द्यायच्या आधी धुतले.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मग आम्ही सगळे इस्पितळात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ बघितलं. इतका वेळ, की नवऱ्याची भिंतीवरची सूचना तीनदा वाचून झाली. “चांगलं आलंय,” त्या म्हणाल्या. “जवळजवळ पहिल्यासारखं. पण गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि दुसऱ्या बाळाचा विचार मनात आला, तर नवऱ्याच्या आधी मला सांगायचं.”

“जवळजवळ म्हणजे किती राहिलं?” तिनं विचारलं. तिचं बोट नकळत छातीशी गेलं होतं, शिवणीला लावते तसं.

“थोडं. पुन्हा सहा महिन्यांनी बघू.”

तो मोठा केलेला झगा ती अजून घालते. परवा मी म्हटलं, “आता घे की आत, बुजगावण्यासारखी दिसतेस.” म्हणाली, “राहू दे, काकू. पुढची तारीख होऊ दे.”

तिच्या अभ्र्यावर झोप छान लागते. पण सकाळी डोळे उघडले की मी आधी पडदा सारते. परवा एक होता. आज धुण्याचा दिवस आहे, साडेनऊ वाजून गेले, आणि त्यांच्या दोरीवर अजून काहीच नाही. चहा गॅसवर आहे, पण मी जरा समोर जाऊन येते.