मसालेभाताआधीची घंटा

सक्ती या गोष्टीवर आमच्या भाऊजींइतकं निरागस प्रेम करणारा माणूस उभ्या जर्मनीत दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले मावसभाऊ. नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी इतकी वर्षं ब्रेकच्या चाचण्या घेतल्या, की कोणाला तरी वेळीच थांबवणं हेच आपलं जन्माचं काम आहे, असा त्यांचा समज झाला असावा. प्रत्येक तरुणाने, मग मुलगा असो की मुलगी, शाळा संपल्यावर देशाची सक्तीची सेवा केलीच पाहिजे, हे त्यांचं लाडकं मत. कुठल्या देशाची, हा तपशील त्यांच्या लेखी गौण होता. पुण्यात कोणी रस्त्यावर थुंकलं, तर तिथे सक्ती नाही म्हणून. इथे ट्राममध्ये एखाद्या पोराने समोरच्या सीटवर पाय ठेवले, तर इथल्या सक्तीची मुदत कमी केली म्हणून. आमच्या मुलीला दुधावरची साय चालत नाही, त्याचं मूळही त्यांनी तिथवर नेऊन पोचवलं होतं. आता इथली सक्ती बंद होऊनही बरीच वर्षं झाली, आणि अलीकडे टीव्हीवर, ती परत आणावी की नाही, यावर रोज कोणी ना कोणी भांडत असतं. ती चर्चा लागली की मला मात्र आधी भाऊजींच्या देवघरातली घंटा ऐकू येते.

दोन हजार सालानंतरच्या त्या काळात आसपासच्या आम्हा मराठी मंडळींचा गणपती भाऊजींकडेच असायचा. हाइलब्रॉनहून, स्टुटगार्टहून गाड्या भरभरून लोक यायचे. आरती व्हायची, मंत्रपुष्पांजली व्हायची, आणि मसालेभाताच्या वासाने जीव कासावीस झालेला असताना भाऊजी देवापुढची घंटा उचलून हॉलच्या मधोमध उभे राहायचे. मग वादविवाद. विषय दर वर्षी तोच, शब्द तेवढे बदललेले. एका वर्षी ‘तरुण पिढी आणि शिस्त’, दुसऱ्या वर्षी ‘राष्ट्र मोठे की मी मोठा’. बाजू ते स्वतः वाटून द्यायचे. जो जरा बरं बोलतो तो अनुकूल बाजूला, आणि माझा नवरा, ज्याला चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटतो, तो कायम प्रतिकूल बाजूचा पुढारी. वाद झाल्याशिवाय पातेल्याचं झाकण उघडायचं नाही, हा त्या घरचा कायदा. प्रत्येकाने बोलायचं, वेळ संपली की भाऊजी घंटा वाजवणार. त्यांच्यावर मात्र कोणी घंटा वाजवू शकत नसे, कारण ती त्यांच्याच हातात असायची. एकदा नवीनच आलेला पुण्याचा एक आयटीवाला भुकेने व्याकूळ होऊन म्हणाला, “काका, मला तुमचं सगळं पटलंय, जेवू का?” तर भाऊजी म्हणाले, “गेनाऊ. पण का पटलंय ते सांग, मग जेव.” ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी बरोबर’. हा शब्द भाऊजी होकाराला वापरत, नकारालाही वापरत, आणि काहीच सुचलं नाही तर हमखास वापरत.

एवढा सक्तीचा भोक्ता माणूस स्वतः कुठे सैन्यात होता की काय, असं नव्या माणसाला वाटायचं. कॉलेजात एनसीसीत होते, हे ते छाती काढून सांगत. त्यापुढचं आमच्या जाऊबाई सांगत. देवळालीला कॅम्प होता. तिसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून स्वारी नाशिकला आईकडे पळून आली आणि चुलीपुढे बसून तूप-मेतकूट-भात जेवली. “माझ्या सासूबाईंनीच मला लग्नात सांगितलं,” जाऊबाई पोळीला तूप लावत म्हणायच्या. भाऊजींचं त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं: “तिथे सक्ती नव्हती. सक्ती असती तर पळू दिलं असतं का मला?”

इथे सक्तीची सेवा होती म्हणून त्यांना जर्मनी आवडायची, आणि त्याहून जास्त आवडायची ती त्यांच्या बिल्डिंगमधली केअरवोखे. आमच्या या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी घराघरांत फिरते. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. इतरांच्या दारावर ती लटकली की लोकांचे चेहरे पडतात. भाऊजींच्या दारावर लटकली की पदक मिळाल्यासारखे ते शेजारपाजारी हिंडायचे. जिना असा घासत, की खालच्या मजल्यावरच्या आजी रेलिंग धरून जपून उतरायच्या. या आजी म्हणजे एकट्या राहणाऱ्या, कडक, अस्सल श्वाबियन, म्हणजे याच भागातल्या बाई. भाऊजींचं काम तपासायला त्या कोपऱ्यात बोट फिरवून बघायच्या, आणि त्यांची पाळी आली की भाऊजी त्यांचं तपासायचे. दोघांचं मोठं सख्य होतं, पण ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एका दिवाळीत मात्र मोठा घोटाळा झाला. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे केरसुणीची पूजा करतात. जर्मनीत केरसुणी कुठली? भाऊजींनी जिन्याखालच्या कपाटातला सगळ्या बिल्डिंगचा सामायिक झाडू वर आणला, त्याला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि झोपण्याआधी परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आजींचा आठवडा. त्यांनी नेहमीसारखा ओला फरशीचा फडका आणि झाडू चालवला आणि बघतात तर पायरीपायरीवर लाल-पिवळे ओघळ. आजींनी बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमायस्टरला बोलावलं, त्याने नळाचे पाइप तपासले, गंज कुठून येतो म्हणून भिंतीवर ठोकून पाहिलं. शेवटी भाऊजी खाली गेले आणि त्यांनी आपल्या इंजिनिअरी जर्मनमध्ये खुलासा केला, की ज्या वस्तूने आपण काम करतो तिला आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो. आजींनी झाडू उलटा करून नीट पाहिला. मग म्हणाल्या, “बत्तीस वर्षं झाडतेय. हे मला सुचायला हवं होतं.” पुढल्या वर्षी ऑक्टोबर लागताच त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, यंदा झाडूचा सण कधी आहे. त्या दिवशी त्यांनी झाडूशेजारी एक मेणबत्ती लावली आणि भाऊजींना सफरचंदाचा केक दिला.

अशी सगळी सक्ती गोडीगुलाबीने चाललेली असताना, ती एक दिवस भाऊजींच्या घरी आली. व्हिसाच्या रांगा चुकवायला भाऊजींनी कधीकाळी सगळ्या घराचे जर्मन पासपोर्ट केले होते. त्यामुळे चिरंजीव अठरा वर्षांचे होताच त्यांना लष्कराकडून तपासणीचं बोलावणं आलं. चिरंजीव उंचपुरे, अबोल, मराठी सगळं समजणारे आणि उत्तर जर्मनमध्ये देणारे. भाऊजींनी पेढे वाटले. कारखान्यात वाटले, आजींना दिले, आम्हाला द्यायला हाइलब्रॉनला आले. मुलगा तपासणीत एकदम ठणठणीत ठरला. आणि घरी येऊन शांतपणे म्हणाला, की मी बंदूक हातात घेणार नाही, माझ्या विवेकाला पटत नाही, मी त्सिव्ही होणार. कायद्याने तशी सोय होती. लष्कराऐवजी तेवढेच दिवस इस्पितळात, वृद्धाश्रमात काम करायचं. चिरंजीवांनी गावाबाहेरचा वृद्धाश्रम निवडला.

भाऊजी हादरले. “विवेक?” ते मला म्हणाले. “अगं, ज्याला स्वतःच्या पांघरुणाची घडी करायला आई लागते, त्याला विवेक कधी आला?” खरं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे गणवेशातला, खाडकन सलाम ठोकणारा मुलगा होता, आणि प्रत्यक्षात तो परक्या म्हाताऱ्यांची अंगं पुसणार होता. “मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते हे नव्हे,” असं म्हणून त्यांनी मुलाशी बोलणंच सोडलं. त्या आश्रमाची पायरी चढणार नाही, हेही जाहीर केलं. एकाच टेबलाशी बसून ते जाऊबाईंना म्हणायचे, “त्याला सांग, मीठ इकडे दे.” जाऊबाई मीठ पुढे करायच्या आणि रात्री फोनवर माझ्याकडे रडायच्या. “एकुलता एक मुलगा आहे गं. शिकायला बाहेरगावी जाईल आता. हे असंच राहिलं तर तो परत कशाला येईल?” त्या वर्षी भाऊजींच्या घरचा गणपती दीड दिवसाचा झाला आणि वादविवाद झालाच नाही. मसालेभात वेळेवर मिळाला, आणि कोणालाही तो नीट जेवता आला नाही.

त्याच शरद ऋतूत खालच्या आजी घरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून त्यांना थेट त्याच आश्रमात हलवलं. भाऊजी रोज त्यांच्या बंद दारासमोरून जायचे. आजींचा आठवडा आला, पाटी त्यांच्या दारावर लटकली, आणि भाऊजींनी मुकाट्याने जिना झाडला. मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांचा मला फोन. “गाडी काढ जरा. मी चालवत नाही आज.” मी गेले तर स्वारी कोट-टाय घालून फाटकाशी उभी, आणि हातात तो जिन्याखालचा झाडू, हळदीकुंकू लावलेला. “ती बाई वाट बघत असेल,” एवढंच म्हणाले. झाडू गाडीत मावेना. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर काढून आम्ही अख्ख्या नेकारसुल्ममधून गेलो.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आजी खुर्चीत बसलेल्या, आणि समोर जमिनीवर गुडघे टेकून चिरंजीव त्यांच्या सुजलेल्या पायात सूज उतरवायचे घट्ट, लांब मोजे चढवत होते. ते काम किती किचकट असतं हे मला नंतर माझ्या सासूबाईंच्या वेळी कळलं. आजी त्याला श्वाबियनमध्ये ओरडत होत्या, की मूर्खा, टाच वाकडी बसलीय. तो हसत, त्याच बोलीत उलट उत्तर देत, मोजा परत खाली ओढत होता. परत चढवत होता. तळव्याखाली हात धरून, सुरकुती राहू न देता. भाऊजी झाडू धरून दारात उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मला माझंच आवरत नव्हतं. शेवटी आजींचं लक्ष गेलं. “आलात? बसा. हा तुमचा मुलगा अजून शिकतोय. पण हात चांगला आहे त्याचा.” भाऊजींनी झाडू भिंतीला टेकवला, आजींच्या हातावर लाडू ठेवला, आणि दुसरा लाडू मुलाच्या तोंडापुढे धरला, कारण त्याचे दोन्ही हात मोज्यात अडकले होते.

पुढच्या वर्षी गणपती पाच दिवसांचा होता आणि वादविवाद जाहीर झाला. घंटा घेऊन भाऊजी उभे राहिले. विषय अर्थातच तोच. “तरुणांना सक्ती हवी,” त्यांनी सुरुवात केली, “कारण सक्तीशिवाय माणूस...” आणि तिथेच थांबले. मग त्या घराने कधी न पाहिलेली गोष्ट झाली. त्यांनी स्वतःवरच घंटा वाजवली. “माझी वेळ संपली. आता याला बोलू द्या. सेवा याने केलीय, मी नुसता बोलतोय.”

चिरंजीव कोपऱ्यातून उठले, कानापर्यंत लाल झालेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मराठीत बोलले. “आल्झो, तर, मी गेलो, कारण जायला लागलं. नाहीतर मी नसतो गेलो. म्हणजे बाबा बरोबर आहेत. पण मे महिन्यात माझी मुदत संपली. युनिव्हर्सिटी ऑक्टोबरला. आजींचे मोजे होते. म्हणून मी मुदत वाढवून घेतली. ते मला कोणी सांगितलं नव्हतं.” एवढं बोलून तो खाली बसला. कोण जिंकलं हे भाऊजींनी सांगितलंच नाही. “गेनाऊ,” ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मसालेभाताचं झाकण काढलं.

आजी गेल्या. जाऊबाईही गेल्या. भाऊजी आता त्याच आश्रमात, आजींच्या खोलीपासून दोन दारं पलीकडे राहतात. जागा त्यांनी स्वतः निवडली होती, निवडता येत होतं तेव्हा. चिरंजीव कोलोनला नोकरीला आहेत आणि दर रविवारी गाडी हाकत येतात. भाऊजींना माझी ओळख बहुतेक वेळा पटते. मुलाची हल्ली पटत नाही.

गेल्या रविवारी मी गेले होते. सहज म्हटलं, “भाऊजी, टीव्हीवर तुमचा विषय गाजतोय. सक्तीची सेवा परत आणणार म्हणतात.” पूर्वीचे भाऊजी असते तर घंटा शोधायला उठले असते. हे मात्र माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “परत आणणार म्हणजे? आहे की. हा मुलगा बघ ना.” समोर जमिनीवर गुडघे टेकून चिरंजीव त्यांच्या पायात मोजे चढवत होते. त्यांच्याही कानामागे आता पांढरे केस दिसायला लागलेत. “फार चांगला आहे,” भाऊजी म्हणाले. “पण सक्तीवर आलेला आहे. यांना मुदत असते. कधी संपते ते जरा विचारून ठेवशील? मी विचारलं तर बरं दिसणार नाही.”

चिरंजीवांनी मान वर केली नाही. टाच नीट बसवली, सुरकुती काढली, आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “वाढवून घेतलीय, बाबा.”

“गेनाऊ,” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.