तेलकट बोटांचा अंक

तिला सगळे भुणभुण म्हणायचे. नाव ठेवलं होतं तिच्या आत्यानं. पोरगी तीन वर्षांची असल्यापासून नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. जेवताना, वेणी घालताना, अगदी धपाटा खातानासुद्धा. आत्या म्हणायची, हिच्या नाकात माशी अडकलीय, ती काही बाहेर निघायची नाही. विसाव्या वर्षीही ती निघाली नव्हती.

गळा मात्र बेताचाच. आपण गाणारी होणार नाही हे तिचं तिलाच लवकर कळलं, आणि त्याचं तिनं फार मनावर घेतलं नाही. गाता येत नाही तर गाण्याबद्दल छापावं, असा सरळ विचार केला आणि मासिकाची मांडणी शिकवतात तिथं नाव घातलं. तिथं शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक आख्खं मासिक करायचं असतं. विषय ठरवा, वाचक ठरवा, चोवीस पानं लिहा, मांडा, छापून आणा; आणि मग ते खऱ्या वाचकांपुढं ठेवून किती साधलं, किती फसलं याचं मूल्यमापन लिहा. गेल्या वर्षी भुणभुण त्यातच नापास झाली होती. मासिक पुरंच झालं नव्हतं. तेव्हा बापानं वर्तमानपत्र जरासं खाली केलं आणि एवढंच सांगितलं, की आणखी एकदा बघ, नाहीतर आत्याच्या कारखान्यात एक मशीन रिकामं आहे. बाप कमी बोलायचा, पण बोललेलं मागं घेत नसे.

या खेपेला मासिक झालं. नाव 'खणखणीत'. संगीताचं मासिक, सोळा ते बावीस वयाच्या मुलींसाठी. मुलींसाठी म्हणजे गुलाबी, यात तिला शंकासुद्धा आली नाही. तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळं गुलाबी. मुखपृष्ठावर तिची मैत्रीण, गळ्यात उसनं गिटार, समोर टेबलफॅन लावून उडवलेले केस. गिटार कुठल्या बाजूनं धरतात हे त्या मैत्रिणीला ठाऊक नव्हतं, पण पंख्याचा वारा लागला आणि ती अशी काही बघायला लागली की फोटो झकास आला. मधल्या दोन पानांवर एका गायिकेची मोठी मुलाखत, तिचा मथळा मुखपृष्ठावरही. गायिका मनानं रचलेली, फोटो त्याच मैत्रिणीचा, कपडे तेवढे बदललेले. तेविसावं पान एका जाहिरातीसाठी सोडलं होतं, ती जाहिरात आली नाही. मोकळं पान बरं दिसत नाही म्हणून आयत्या वेळी तिनं तिथं गिटारच्या दांडीचं चित्र टाकलं. सहा तारा, आडव्या पट्ट्या, आणि पहिला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुळणी, धरायला तीन बोटं कुठं दाबायची तिथं तीन काळे ठिपके. वर मथळा दिला: 'गिटार नसेल, बोटं तर आहेत'. चित्र पानात मावेना म्हणून जरा आखडलं. संपलं काम.

आता वाचक. ते शोधायला लांब जायचं कारणच नव्हतं. आत्या ज्या कारखान्यात होती तिथं शाळेचे गणवेश शिवायचे, आणि बावीस पोरी तिथं मशीनवर होत्या, सगळ्या नेमक्या त्याच वयाच्या. आत्या तिथली तपासणारी. खिडकीशी बसायची, शिवून आलेला प्रत्येक पांढरा शर्ट उजेडात धरायची, उलटा करायची, आणि डाग दिसला की शर्ट परत. तिच्या डोळ्यांतून डाग सुटला असं कोणी ऐकलं नव्हतं. भुणभुणनं सहा अंक आणि बावीस प्रश्नपत्रं तिच्या हवाली केली. आठवड्यानं प्रश्नपत्रं भरून आली. काय आवडलं? छान. मांडणी कशी वाटली? छान. मुलाखत? खूप छान. भुणभुणनं त्याचे रंगीत तक्ते काढले, शंभरात शंभर, आणि हवेत तरंगत सरांकडे गेली.

या सरांना वर्गात फूटपट्टी म्हणायचे. पानाचा समास केसभर हलला तरी त्यांना लांबून कळायचा. त्यांनी तक्ते बाजूला सारले आणि प्रश्नपत्रंच वाचायला घेतली. एक, दोन, पाच. मग चष्मा काढला.

"न आवडलेलं पान कुठलं? बावीस जणी म्हणतात, एकही नाही. आधी काय वाचलं? बावीस जणी म्हणतात, मुखपृष्ठ. माझ्या लग्नाच्या जेवणाबद्दलसुद्धा इतकं एकमत नव्हतं गं."

भुणभुणची भुणभुण थांबली.

"हे कोणी वाचलेलंच नाही," सर म्हणाले. "बारा दिवस आहेत तुझ्याकडं."

ती तडक कारखान्यात गेली. जेवणाची सुट्टी होती. अंक कुठायत म्हणून विचारल्यावर आत्यानं मोठ्या ऐटीत कमरेची किल्ली काढली आणि नमुन्याचे शर्ट ठेवायचं कपाट उघडलं. आत सहाही अंक, शर्टाच्या प्लॅस्टिक पिशव्यांत, वरून टाचण्या लावून.

"एक सुरकुती दाखव," आत्या म्हणाली.

मग प्रश्नपत्रं कशी भरली? त्यात काय, आत्यानं पोरींना ओळीनं बसवलं, माझ्या भाचीचं काम आहे म्हणून सांगितलं आणि लिहा म्हणाली. काजाच्या मशीनवर बसणारी एक पोरगी होती, शर्टाला गुंडीची भोकं पाडून विणणारी, तोंडाची फटकळ. ती डब्यातून मान वर न काढता बोलली, बाईंनी लिहा म्हटलं की आम्ही लिहितो, बाईंनी गिळा म्हटलं की गिळतो.

आत्याला आपलं काय चुकलं तेच कळेना. "असल्या तेलकट हातांत देऊ होय तुझं काम? शर्टाला हात लावायच्या आधी दोनदा धुवायला लावते मी यांना."

"आत्या, शर्ट अंगात घालायला असतो, कपाटात ठेवायला नसतो. मासिक मळलं तर मळू दे. कोणी वाचलं नाही तर मी गेले, आणि मग त्या रिकाम्या मशीनवर मीच बसणार."

आत्याचा चेहरा पडला. डोळ्यांत तेल घालून जपलेल्या वस्तूबद्दल बोलणी खायची तिला सवय नव्हती. मग तिनं टेबलावरची कात्री उचलली, सहाही पिशव्या टराटरा फाडल्या, अंक जेवणाच्या टेबलावर आपटले आणि सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं म्हणाली, "याला हात धुवून शिवायचं नाही. धुतलेला हात दिसला तर परत मशीनवर जाऊन मळवून या."

पोरी हसायला लागल्या. त्या कारखान्यात बाईंच्या बोलण्यावर मोठ्यानं हसायची ती पहिलीच वेळ.

चार दिवसांनी भुणभुण अंक न्यायला आली. गुलाबी रंग कुठला उरला होता? कडा काळ्या, कोपरे दुमडलेले, एका अंकाची पानं पापडासारखी फुगलेली. आठ दिवसांत हे सरांपुढं काय ठेवायचं? ती अंक पिशवीत कोंबायला लागली, तोवर आत्यानं सवयीनं एक उचलला, खिडकीशी नेला, शर्टाची कॉलर उलटावी तसा उलटा केला आणि उजेडात धरला.

"हे काजाच्या मशीनचं तेल," ती म्हणाली. "ते काळं असतं, बाकीच्यांचं पिवळट."

भुणभुण जागेवर थांबली.

"ही निळी भुकटी खडूची. कापणीवरच्या त्या उंच पोरीचं काम. आणि ही पानं पाण्यानं नाही फुगली, वाफेनं फुगलीत. इस्त्रीवालीनं इस्त्रीशेजारी उघडं ठेवून वाचलंय. चार-पाच पानं तरी एका बैठकीत."

भुणभुणनं पिशवी सोडली आणि वही काढली. आत्या सांगायची, ती लिहायची. कोण, कुठलं पान, केवढा डाग. आत्याला तर चेव चढला. शर्टावरचे डाग ती तीस वर्षं वाचत आली होती, पण कोणी ते लिहून घेतलं नव्हतं. बघता बघता चित्र उभं राहिलं. मधली मुलाखत सहाच्या सहा अंकांत कोरी करकरीत, चिकटलेली पानंसुद्धा सुटलेली नाहीत. मुखपृष्ठावर अंगठे होते, म्हणजे धरलं आणि उलटलं. आणि तेविसावं पान, ते आयत्या वेळचं, सहाही अंकांत काळंभोर. तिथं नुसता डाग नव्हता. बोटांचे ठसे होते, वेगवेगळे, आणि ते तीन ठिपक्यांच्या आसपास दाटीनं पडलेले.

आत्यानं आपलं बोट त्यावर ठेवून बघितलं. "इथं दोन बोटं एकमेकांच्या अंगावर चढलीत. माप आखूड घेतलंस तू. शर्ट असा शिवला असता तर गुंडी लागली नसती."

भुणभुण तशीच धावत काजवालीकडं गेली. त्या पोरीला आधी वाटलं, मळवलं म्हणून बोलणी बसणार. मग तिनं करून दाखवलं. सुट्टीत सहा जणी टेबलाभोवती बसायच्या, एक जण तालासाठी आकडे मोजायची, बाकीच्या चित्रावर बोटं दाबायच्या. कागद काही वाजत नाही, म्हणून आवाज तोंडानं काढायचा. मुलाखत का नाही वाचली विचारल्यावर ती म्हणाली, त्या बाईनं मुखपृष्ठावर गिटार उलटं धरलंय. जिला धरता येत नाही तिचं काय वाचायचं?

तोंडात मारल्यासारखं झालं, पण भुणभुणला त्या माराचा असा आनंद झाला म्हणून सांगू. घरी जाईपर्यंत रस्त्यानं ती नाकातून नव्हे, चांगली मोठ्यानं गात गेली. बेसूरच, पण गात.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. उसन्या गिटारची दांडी आत्याच्या टेपनं मापली, अंतर न् अंतर वहीत उतरवलं, आणि मुलाखत काढून टाकून मधल्या दोन पानांवर ती दांडी खऱ्या मापात आडवी पसरली. कॉर्ड एकाऐवजी चार. मुखपृष्ठावर फॅन नाही, केस नाहीत. काजवालीचा तेलानं काळा झालेला हात, तारांवर, गिटार सरळ. रंगाबद्दल पोरींना विचारलं तर सगळ्या एका तोंडानं म्हणाल्या, डाग दिसणार नाही असा. गडद निळा ठरला. मशीनच्या आवाजात तुम्ही मनात कुठलं गाणं म्हणता, हे तिनं प्रत्येकीला विचारून त्याचं एक पान केलं. तेवढ्यासाठी बावीस जणी दोन सुट्ट्या भांडल्या. कोणाचं आधी छापायचं यावरून इस्त्रीवाली आणि कापणीवाली दोघी एकमेकींशी बोलेनात.

नव्या मांडणीचे तीन अंक छापून झाले. शनिवारी दुपारी बारापर्यंत तिन्ही द्यायचे होते, आणि अपुरा अंक घेतला जाणार नाही असं नियमातच लिहिलेलं. तरी तिनं ते दोन दिवस कारखान्यात ठेवले. नवं माप बोटांना बसतं का, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना.

शनिवारी सकाळी नऊला ती आली. दोन अंक टेबलावर होते. तिसरा उघडला तर मधली दोन पानं नाहीत. फाडलेली नव्हती, कापणीच्या मोठ्या कात्रीनं, सरळ रेषेत, शिस्तीत कापलेली. ती पानं दोऱ्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून काजवालीनं मांडीवर घेतली होती आणि डोळे मिटून चौथा कॉर्ड शोधत होती.

आत्या तिच्यावर तुटून पडली. पोरीचं अख्खं वर्ष मातीत घालतेस का भवाने, वगैरे बरंच. काजवालीनं पुठ्ठा छातीशी धरला.

"बाई, पगार कापा. पण हा कॉर्ड आज बसतोय, उद्या मी परत पहिल्यापासून सुरू करू?"

भुणभुणनं घड्याळ बघितलं. पुठ्ठ्यावरून पान सोलून काढता आलं असतं. छापखाना शनिवारी अकराला उघडायचा, म्हणजे नवं छापायलाही वेळ नव्हता. तिनं काजवालीच्या बोटांकडं बघितलं. चारही बोटं आपापल्या ठिपक्यावर होती, एकावर एक चढलेलं एकही नव्हतं.

"राहू दे तिच्याकडं," ती म्हणाली, आणि उरलेलं घेऊन निघाली.

सरांनी पहिला अंक बघितला, दुसरा बघितला, तिसरा उघडला आणि थांबले.

"मधली पानं?"

"कापली, सर."

"कोणी?"

"वाचकानं."

सरांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, अपुरा अंक नियमात बसत नाही, तुला माहीत आहे. तिनं मान हलवली. पानं हरवलेली नाहीत, पुठ्ठ्यावर आहेत आणि या घडीला कोणीतरी त्यांवर बोटं बसवतंय, एवढं मात्र सांगितलं. मग त्यांनी ते जुने सहा मळके अंक मागितले. ते नाक मुरडतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी एकेक पान उलटून वहीतल्या नोंदीशी ताडून बघितलं. काळं तेल, निळी भुकटी, वाफ. तुझ्या मासिकात काय चुकलं होतं, असं विचारलं, तर तिनं एका दमात एकोणीस चुका सांगितल्या. विसावी आठवत होती तोवर त्यांनी हात वर केला.

गुणांच्या कागदावर, शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं: 'तिसऱ्या अंकाची मधली पानं नाहीत. वाचकाच्या वापरात आहेत.' खाली आकडा घातला, बासष्ट. उत्तीर्ण व्हायला पन्नास लागायचे. पानांचे क्रमांक तिरके गेल्याबद्दल पाच कापल्याचंही त्यांनी ऐकवलं, म्हणजे पोरगी फार वर जाऊ नये.

भुणभुण तीन मजले दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली आणि फाटकात उभं राहून आत्याला फोन लावला. पलीकडं मशीनं धडधडत होती.

"पास का नापास तेवढंच बोल," आत्या ओरडली. "काही ऐकू येत नाही इथं."

"पास," ती ओरडली.

आत्यानं फोन तोंडापासून लांब नेऊन काहीतरी सांगितलं. मग एकेक करत मशीनं थांबत गेली, शेवटचं काजाचं, आणि फोनमधून बावीस पोरींचा असा काही गलका आला की भुणभुणला फोन कानापासून दूर धरावा लागला. त्या गलक्यातून मग आत्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"मशीनं बंद करायला कोणी सांगितलं गं तुम्हाला?"