बाकं पुसायचं काम
लाकडाच्या ताज्या पॉलिशचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. साठ-एकसष्टच्या सुमारास बंगळुरात, चामराजपेटेत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी एका लांबट हॉलमध्ये उपासनेला जमायची. जमायची म्हणजे आम्ही अकरा जण, त्यात दोन तान्ही. आणि पाळकांनी बाकं करून घेतली होती वीस. दर शनिवारी ती पुसायचं काम माझ्याकडे. एका शनिवारी मी इतकी वैतागले की मागची बारा बाकं ओढत नेऊन पलीकडच्या खोलीत कोंबली. रविवारी येऊन बघते तर पाळक एकटेच, घामाघूम, एकेक बाक परत आणून रांगेत लावतायत. मी म्हटलं, "अण्णा, कशाला हा खटाटोप? त्यापेक्षा पत्रकं छापू, घरोघरी जाऊ, चार माणसं तरी येतील." ते शांतपणे म्हणाले, "मंडळी वाढवायचं वचन देवानं दिलंय, ते त्याचं काम. बाकं पुसायचं आपलं. बरं, तू थकली असशील तर मी पुसतो." मी त्यांच्या हातातलं फडकं ओढूनच घेतलं. त्या दिवशी नऊच जण आले. प्रार्थनेत मी डोळे मिटलेच नाहीत, रिकाम्या बाकांकडे बघत धुमसत राहिले. आता इतक्या वर्षांनी, परवाच्या रविवारी मला त्याच हॉलमध्ये पोचायला उशीर झाला. हॉल गच्च भरलेला, दारातही माणसं उभी. एका मुलीनं उठून मला मागच्या एका जुन्या बाकावर जागा दिली. टेकताना हात बाकाच्या पाठीवरून फिरला आणि बोटं धुळीनं माखली. देवानं त्याचं काम केलंय. आपलंच राहिलंय.