खांबाचा फोटो

दादाने परवा कॅमेरा विकला. लेन्स, बॅग, स्टँड, सगळं. घेणारा समोर बसून एकेक बटण दाबून बघत होता आणि दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. वहिनींनी चहा आणला. कोणी प्यायला नाही.

हे कसं झालं ते लिहून ठेवायला हवं. पूर्ण गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्याचा स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत घर. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलो होतो तेव्हा त्याने मला जिन्यात अडवलं.

"ए साहित्यिक, बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील. माझ्या वेबसाइटसाठी चार ओळी लिहून दे."

"कशावर?"

"माझ्यावर. पण खोटं लिहू नकोस. खोटं करायचं काम माझं."

तेव्हापासून मी रोज खाली जायचो.

दादाने सुरुवात केली ती एका फोटो लॅबमध्ये, ब्रशने. छापलेल्या फोटोवरचे तीळ, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं तो हाताने घालवायचा. एका चेहऱ्याला एक तास. ते काम शिकायला तीन महिने लागले, असं तो सांगायचा. मग लॅब बंद पडली आणि त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला.

स्टुडिओच्या भिंती करड्या होत्या. पडदे करडे. रंग पारखताना डोळ्यांना फसवणारं काही आसपास नको म्हणून. दादाचा स्वेटरही करडा. वहिनी म्हणायच्या, "रंगांचं खातात आणि घरात एक रंग ठेवत नाहीत. मी पण करडी होते की काय एक दिवस."

कार्यक्रम संपला की कार्डावर दोन-अडीच हजार फोटो असायचे. एक ॲप मिटलेले डोळे आणि हललेले चेहरे बाजूला काढायचं. एक सगळ्यांचे रंग सारखे करायचं. एक गिऱ्हाइकाला गॅलरीची लिंक पाठवायचं आणि उघडली नाही तर आठवण करून द्यायचं. करारावर लोक फोनवरच बोटाने सही करायचे. तारखा वहिनी सांभाळायच्या, त्यांच्या फोनवरच्या कॅलेंडरमध्ये. दादा ऐटीत म्हणायचा, "सहा माणसं कामाला आहेत माझ्याकडे. एकही चहा मागत नाही."

त्यातलं त्याचं लाडकं होतं पुसणारं ॲप. ते स्वतःच ओळखायचं, फोटोत कोण मुख्य आणि कोण मागून चाललेलं. वायरी, बादल्या, अनोळखी माणसं ते काढून टाकायचं. माणसाच्या जागी भिंत यायची. मागे पडदा असला तर पडदा, चुण्यांसकट. एक तासाचं काम एका सेकंदात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दादाने तोच फोटो तीनदा पुसून बघितला. मग म्हणाला, "तीन महिने फुकट गेले माझे."

वेबसाइटवर मी लिहिलं: गर्दीतही फक्त तुमची माणसं.

ही ओळ लोकांना आवडली. कामं वाढली. डिस्क भरायला लागल्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, गॅलरी पोचल्यावर तीस दिवसांनी मूळ फोटो आपोआप काढून टाकायची. पुसून तयार झालेले तेवढे राहणार. दादाने मला विचारलं, "करू का?"

"पुसलेली माणसं परत कोणाला हवीत?" मी म्हटलं.

त्याने त्या चौकटीत टिक केलं.

दादाची निम्मी कामं एकाच हॉलमध्ये असायची. तिथे खुर्च्या लावणारा, दिवे बदलणारा एक माणूस होता. चाळिशीचा. उंच, सरळसोट, डोक्यावर टोपी. प्रत्येक फोटोच्या मागे हा उभा. दादा ओरडायचा, "ए खांबा, हल जरा!"

"मी हललो तर छत पडेल साहेब."

सगळा हॉल हसायचा. पाच वर्षं हाच विनोद, तरी हसायचा. त्याचं नाव खांबच पडलं. त्याच्या भुवईवर जुन्या जखमेची खूण होती. दादा थकून त्याच्या खांद्यावर हात टाकायचा तेव्हा टोपी मागे सारून तो ती दाखवायचा. "जपून टेका. खांबाला तडा आहे."

मध्यंतरी रंगकामासाठी हॉल दीड महिना बंद होता. त्या कामाच्या अखेरीस खांब शिडीवरून पडला. सकाळी नऊ वाजता. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

आठवड्याने त्याची आई स्टुडिओत आली. सत्तरीची, बारीक. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. पिशवीतून तिने एक ओळखपत्र काढलं. एकवीस वर्षांपूर्वीचं, त्याच्या आधीच्या नोकरीतलं. ओल लागून चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग झाला होता.

"एवढाच आहे घरात," ती म्हणाली. "त्याचा फोन बटणांचा. त्यात फोटो नाही निघत. भिंतीवर लावायला एक द्या. मोठा नको, मध्यम चालेल."

"मावशी, मी त्याचा वेगळा असा कधी..."

"वेगळा नको. घरी येऊन सांगायचा ना, आई, आज पण फोटोत आलो. मागे उभा असतो म्हणायचा. साहेब ओरडतात, पण मी हलत नाही. पाच वर्षांत शंभरदा तरी आला असेल."

दादा माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे.

"शोधतो," दादा म्हणाला. "आठ दिवस द्या."

चेहरा शोधून देणारं ॲप दादाकडे होतं. पण त्याला आधी एक चेहरा द्यावा लागतो. तोच नव्हता. मग आम्ही हाताने शोधलं. चार दिवस, दोन स्क्रीनवर, पाच वर्षांच्या गॅलऱ्या; मूळ फोटो तीस दिवसांच्या त्या सोयीने कधीच गेलेले. सगळीकडे स्वच्छ भिंती. दादाला जागा पाठ होत्या. तो कोऱ्या भिंतीवर बोट ठेवायचा. "इथे होता. इथे पण. हा बघ, इथे मी त्याच्यावर ओरडलो होतो."

एका फोटोत खुर्चीच्या पाठीवर चार बोटं दिसली. नुसती बोटं. मागे पडदा. पुसताना तेवढी राहून गेली होती.

वहिनींनी दोन-तीन कुटुंबांना फोन केले, पाहुण्यांच्या फोनमध्ये काही आहे का म्हणून. एकाने एक कोपर पाठवलं.

पाचव्या दिवशी सापडला. मूळ फोटो आत घेताना सॉफ्टवेअर त्याची एक छोटी प्रत करून ठेवतं, यादीत चटकन दिसावी म्हणून. मूळ जातो, ती कधी कधी राहते. कोणाच्या तरी निवृत्तीचा कार्यक्रम होता. मागे खांब, हातात घडीची खुर्ची, टोपी मागे सरकलेली, थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. सगळा फोटो काडेपेटीएवढा. त्यात त्याचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा केला की नुसते चौकोन.

पण मोठं करणारंही एक ॲप होतं. दादाने फोटो त्यात टाकला. थोड्या वेळात स्क्रीनभर एक माणूस आला. एकेक केस वेगळा. डोळ्यांत चमक. दात सरळ.

वहिनी आत आल्या. "हा कोण? नवीन गिऱ्हाईक?"

दादाने छोटा फोटो शेजारी उघडला. वहिनींच्या लक्षात आलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा तो नाही हो."

"माहितीये."

"मग छोटा द्या. छोटा तर छोटा, खरा आहे."

"त्या बाईची नजर अधू आहे. तिच्या हातात तांदळाचा दाणा ठेवू? म्हणू, हा घ्या तुमचा मुलगा? बाकीचा मी पुसला?"

"आणि हा दुसऱ्याचा मुलगा दिलात तर?"

"त्याचा करतो," दादा म्हणाला. "मला येतं ते."

दात त्याने थोडे वाकडे केले. गालाचं हाड वर घेतलं. नाकावर दुपार गेली. हळूहळू तो खांबासारखा दिसायला लागला, निदान त्याच्या चुलतभावासारखा. राहिली भुवई. मशीनने ती खूण घालवून टाकली होती. छोट्या फोटोत तर तिथे एकच काळा चौकोन.

"कुठल्या भुवईवर होती रे?" दादाने विचारलं.

तो डोळे मिटून बसला. पाच वर्षं त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकलेला. त्याला आठवेना. त्याने हॉलच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, "खूण? होती का? टोपी असायची ना डोक्यावर."

"आईला विचार," मी म्हटलं.

"काय विचारू? सापडलेल्या फोटोत खूण कुठे आहे ते?" त्याने माझा दंड धरला. "तू बघितलायस त्याला. सांग ना. लिहिणारी माणसं बारीक बघतात म्हणे."

"डावी," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

दादाने पेन हातात घेतलं. स्क्रीनवर अगदी जवळ वाकला. "आयुष्यभर अशा खुणा घालवल्या. उमटवायला कोणी शिकवलंच नाही." पाऊण तासाने डाव्या भुवईत एक तिरपी, फिकट रेघ आली. केसांमधून गेलेली. खरी वाटत होती.

खांबाची आई तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. दाराशी मोठे बूट होते, नाडी न सोडता काढलेले. भिंतीवर खिळा आधीच ठोकलेला. तिने फ्रेम घेतली, खिडकीपाशी नेली आणि एका डोळ्याजवळ धरली. डोक्यापासून खाली बघत आली. खूप वेळ. दादा हात पुढे बांधून उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"दात छान आलेत," ती म्हणाली.

मग तिचं बोट काचेवरून फिरलं. डाव्या भुवईवर थांबलं. तिथून उजव्या भुवईवर गेलं.

"ही इकडे होती. पलंगाची कड लागली होती. मी तीन दिवस शेकत होते."

दादाचे बांधलेले हात सुटले. मी दाराशी त्या बुटांकडे बघितलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला. तिने दादाकडे बघितलं. फ्रेमकडे बघितलं. पुन्हा दादाकडे.

"फोटोत उलटं येतं, नाही का? आरशासारखं?"

"हो, मावशी," दादा म्हणाला.

"मग बरोबर आहे."

तिने फ्रेम खिळ्यावर लावली. पदराने काच पुसली. म्हणाली, "बसा, पाणी देते." आम्ही पाणी प्यायलो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा पायरीवर बसला.

"फोटोत उलटं येत नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"तिला पण माहीत असेल?"

मी जिना उतरायला लागलो.

त्यानंतर त्याने पुसणं बंद केलं. पहिल्याच गिऱ्हाइकाचा फोन आला, "मागे ती बाई कोण उभी आहे?" दादा म्हणाला, "मला माहीत नाही. असू द्या." पैसे परत करावे लागले. पुढच्या तारखा हळूहळू रद्द झाल्या. वहिनी कॅलेंडर उघडायच्या आणि बंद करायच्या. मग तो फोटो काढायलाच जाईना. म्हणायचा, कॅमेरा डोळ्याला लावला की मागे कोण आहे तेच बघत बसतो, पुढचं निघून जातं. वेबसाइटवरची ओळ त्याने मला काढायला सांगितली. मी काढली.

परवा कॅमेरा नेणारा गेल्यावर दादा म्हणाला, "तू नक्की म्हणालास म्हणून. नाहीतर मी खूण घातलीच नसती." रागाने नाही. नुसतं आठवल्यासारखं.

खांबाला मी सगळं मिळून चार वेळा बघितलं होतं. चारही वेळा टोपी होती. डावी हा मी अंदाज केला होता. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही.