मथुराबाईंचे सात दिवस

महिन्यापूर्वी मथुराबाईंचा मुलगा सुखदेव माझ्या लाखांदूरच्या दवाखान्यात आला, तो बाकावर न बसता दारातच उभा राहिला. "माय गेली, डाक्टरसायब. सकाळी उठलीच नाही." माझ्या तोंडून आधी डॉक्टरचाच प्रश्न निघाला, "दम लागला होता का?" "नाही जी. जेवली, बोलली, झोपली..." वाईट वाटलंच, पण खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला. त्यांच्या छातीनं त्यांना नेलं नव्हतं.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी नवा डॉक्टर होतो. मुरमुऱ्यांच्या भट्टीपुढे त्यांनी तीस वर्षं काढली होती. विडी कधी ओढली नाही, पण धुरानं श्वासनळ्या कायमच्या सुजलेल्या, खोकला बारमाही. त्या हिवाळ्यात कफ हिरवा झाला, दम वाढला. मी टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल दिल्या, दिवसाला चार, सात दिवस. दहाव्या दिवशी त्यांना बैलगाडीतून आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते, एक वाक्य सलग बोलवत नव्हतं. "कॅप्सूल पुऱ्या घेतल्या?" मी विचारलं. त्यांच्याऐवजी सोबत आलेली शेजारीण शेवंता रडायला लागली. "अर्ध्या मले देल्ल्या जी. मले खोकला होता, तर म्हणे, मले आता बरं वाटून राहिलं, तू घे."

शेवंताचा खोकला साध्या सर्दीचा, तो आपोआप गेला असता. मथुराबाईंचा अर्धवट दबलेला जंतू मात्र उलटून फुप्फुसात उतरला होता. जीप मिळवून मी त्यांना भंडाऱ्याला नेलं. ऑक्सिजन लागला, दर सहा तासांनी अँपिसिलिनची इंजेक्शनं लागली. दोन दिवस काहीच सांगता येत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. 'सात दिवस घ्या' एवढंच मी म्हटलं होतं; का, ते सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनीच विचारलं, "तीन दिवसांत बरं वाटलं, तर बाकीच्या गोळ्या कायले जी?"

"धानाचं निंदण अर्धं टाकलं तर काय होते?"

"उरलं तेच गवत जोर करते..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. "असं आहे काय!"

मग मी त्यांना कफाचा रंग ओळखायला शिकवलं. पांढरा असेल आणि दम रोजचाच असेल, तर कॅप्सूल नाही. पिवळा-हिरवा झाला, वाढला, दमही वाढला, तर त्याच दिवशी यायचं. त्या इतक्या पक्क्या शिकल्या, की एका बाजाराच्या दिवशी गर्दीत मी न बघताच कॅप्सूल लिहून दिल्या, तर त्यांनी चिठ्ठी परत सरकवली. "कफ पाहिला काय तुम्ही? पांढरा आहे. मी छाती तपासाले आली, गोळ्या घ्याले नाही." सगळे पेशंट बघत होते. मी चिठ्ठी फाडली. त्यानंतर दर हिवाळ्यात एखाददुसरा झटका आलाच. पण त्या पहिल्याच दिवशी यायच्या, औषध पुरं करायच्या. पुन्हा कधी ऑक्सिजन लागला नाही.

तेरवीला त्यांच्या घरी गेलो. भिंतींना ताजा चुना होता, फक्त स्वयंपाकघराच्या दारामागे हातभर जागा तशीच सोडलेली. तिथं गेरूच्या रेघा होत्या, चार-चारच्या जुडग्यांत, ओळीखाली ओळ. सून कमल म्हणाली, "गावात ज्याच्या छातीचं औषध सुरू राहे, त्याची ओळ सासूबाई इथं मारत. गोळी घेतली की रेघ. संध्याकाळी घरोघरी जाऊन विचारत." डॉक्टर असून मला याचा पत्ता नव्हता...

शेवटच्या ओळीत पाच जुडगी त्यांच्या हातची, ठसठशीत. पुढची दोन बारीक, थोडी वाकडी.

"हे गावच्या कोतवालाचं," कमल म्हणाली. "सासूबाई गेल्या तवा त्याचे दोन दिवस बाकी होते. मी त्यांच्या मातीवरून आली अन् पहिले त्याच्या घरी गेली."