पहिला नग देवाचा

वकिलीत मी एकदाच हाणामारी केली, तीही भात भरडायच्या यंत्रापायी. ते यंत्र आंदर मावळातल्या एका लोहाराचं. एकट्या बाईने हाताने फिरवावं, आणि कणी उखळापेक्षा कितीतरी कमी पडावी. त्याचं पेटंट कलकत्त्याहून मिळालं होतं, म्हणजे त्याच्या परवानगीवाचून ते दुसऱ्या कुणी बनवायचं नाही. लोणावळ्याच्या एका व्यापाऱ्याने एक नग विकत घेतला, खोलून पाहिला आणि हुबेहूब तसे बनवून पेठेत मांडले. असले खटले पुण्यात आमच्या कचेरीकडे येत. दावा मी लावला.

कोर्टाने नेमलेल्या कमिशनरला घेऊन आम्ही व्यापाऱ्याच्या वखारीवर गेलो. त्याच्या माणसांनी आतून कडी घातली. लोहाराच्या धाकट्या भावाने पहारीने दार उचकटलं, आणि मग कोण कुणाला मारतंय तेच कळेना. कुणाचे दात पडले. कमिशनर पोत्यांमागे दडला. माझ्या कपाळावर लोखंडी वजन बसलं, तशी तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या मुनीमाला मी छत्री मोडेपर्यंत बडवला. वकिलाला हे शोभत नाही, पण मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फौजदाराने दोन्ही बाजूंना दम दिल्यावर वखारीतलं एक यंत्र उघडलं. मूळ यंत्रात लोहाराच्या हातून एक भोक चुकून तिरपं पडलं होतं. व्यापाऱ्याच्या यंत्रातही ते तसंच तिरपं! हातच्या काकणाला आरसा कशाला? दावा जिंकल्यात जमा होता. लोहाराने तर फाळ-कोयत्यांची कामं सोडून सगळा जीव या यंत्रात घातला होता. हरला असता तर कुणीही ते बनवायला मोकळा होता.

एकच धोका होता. अर्जाआधी वस्तू उघडपणे वापरात असेल, तर पेटंट टिकत नाही. म्हणून मी त्याला आधीच विचारलं होतं, "आबा, अर्जाआधी एखादा नग विकलात?"

"न्हाई साहेब, एकबी न्हाई."

मी निर्धास्त झालो.

कोर्टात समोरच्या वकिलाने त्याला गोड आवाजात विचारलं, "आबा, तुमचा पहिला नग कुठं आहे?"

लोहार ताठ उभा राहिला. "देवळाम्होरं! आमच्यात पयला नग देवाचा. गावानं वरीसभर वापरायचा, मगच इकायचा."

"म्हणजे अर्जाच्या आधी वर्षभर?"

"व्हय तर! समद्या बाया तितंच भरडायच्या. कुनालाबी इचारा."

मी उठून ओरडलो, टेबलावर मूठ आपटली. जज्जाने मला खाली बसवलं. लोहार माझ्याकडे पाहून हसला. यंत्र आपलंच, याला सगळं गाव साक्षीला उभं केलं, असं त्याला वाटत होतं.

पेटंट गेलं. कोर्टाच्या आवारात मी त्या वडीलधाऱ्या माणसाचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. "हे मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इकलं का इचारलंत साहेब. ठिवलं का, त्ये कुटं इचारलंत?"

त्याने मला तिथेच दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी त्याचे पाय धरले असते.

आठ दिवसांनी अपिलाचे कागद घेऊन मी त्याच्या गावी गेलो. देवळापुढे बायका भाताच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या आणि लोहार त्या पहिल्या यंत्रावर घण घालत होता. भाऊ आडवा आला, त्याचं नाक कोपराने फुटलं. उडालेली कपची लोहाराच्याच नडगीत घुसली, तरी घाव चालूच.

"ह्याच्यापायी गेलं समदं! आता देवालाबी नगं!"

यंत्राचे तुकडे झाल्यावर तो धापा टाकत थांबला. एका म्हातारीने आपली पाटी उचलली.

"मोडलंस ना आबा? आता लोनावळ्याच्या शेटजीचंच आनाया लागंल."

ती टोमणा मारत नव्हती. तिला भात भरडायचं होतं. लोहाराच्या हातातून घण सुटला. मग तो दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडीत मारू लागला, आणि मी नि त्याच्या भावाने धरूनही तो थांबेना.