दोन जाडे पाहुणे

गल्लीत त्याला धडधड्या म्हणत. नाव पाडणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. तो वाजवायला लागला की शेजारच्यांच्या मांडणीतली भांडी आधी नाचायची, माणसं नंतर. पार्ट्यांच्या एका हॉलमध्ये तो डीजे होता. गाणी निवडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना त्याची गाडी हमखास खड्ड्यात जायची.

हे त्याला तोंडावर सांगितलं ते बायकोने. ती कपडे शिवायची. तो आतल्या खोलीत सराव करायचा तेव्हा ती शेजारीच मशीनवर असायची, ओठांत टाचण्या धरून. मध्येच टाचण्या काढून म्हणायची, "उसवलं."

"कुठे?"

"आत्ता. दुसरं गाणं आलं तिथे. दोन जाडे पाहुणे एकदम दारात शिरले बघ."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"मला कशाला कळायला हवं? ऐकू येतंय की."

तो धुसफुसायचा आणि एका कानावर हेडफोन, दुसरा उघडा, असा पुन्हा बसायचा. पहिल्या गाण्याचा बेस, म्हणजे तो जाडा घुमणारा आवाज, खाली घेतल्याशिवाय दुसऱ्याचा वर आणायचा नाही, हे तो असंच भांडता भांडता शिकला.

मग दूरच्या शहरात, एका कारखान्यात, नव्या मुलींना शिवण शिकवायचं काम तिला मिळालं. थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे म्हणून ती गेली, आणि ते थोडे महिने इलॅस्टिकसारखे लांबत चालले.

घरात उरले तो, आई आणि कापडाने झाकलेलं मशीन. त्याने आपला गाणी मिसळायचा कंट्रोलर उचलून मशीनच्या टेबलावर मांडला. उजेड चांगला येतो, असं आईला सांगितलं. वाजवताना पाय आपसूक पायडलवर जायचा.

"बायको गेली आणि हा तिच्या मशीनवर गाणी शिवतोय," आई म्हणाली. "शिवतोच आहेस तर माझ्या उशीचा अभ्राही घे."

स्क्रीनवर गाण्याचा वेग दाखवणाऱ्या आकड्यांवर तिच्याकडची एक चिंधी अडकवून तो नुसत्या कानाने ठोके जुळवायला शिकला. हॉलमध्ये गाणं कधी बदललं ते लोकांना कळेनासं झालं. मॅनेजर वैतागून म्हणाला, "काय रे, सगळा वेळ एकच गाणं वाजवतोस का?" हा दिवसभर हवेत.

प्रत्येक मिक्स तो तिला पाठवायचा. कामावरून खोलीवर जाताना बसमध्ये ऐकते, म्हणायची. उत्तर यायचं, "छान." पुढच्या वेळी, "छान झालंय."

ते 'छान' त्याला टाचणीसारखं टोचायचं. छान तर कुणीही म्हणेल. ही खरंच ऐकते, की दमून डोळे मिटते आणि उतरताना आपलं मन राखते? विचारलं असतं तर ती "ऐकते रे" म्हणाली असती, आणि हा होता तिथेच राहिला असता.

शेवटी त्याने एक उद्योग केला. नवा मिक्स करताना मध्यावर मुद्दाम दोन्ही बेस एकदम सोडले. आई बाहेरून ओरडली, "पडलं का रे काही?" त्याने तो तसाच पाठवला आणि चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा फोनकडे बघत बसला.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बसची घरघर.

"जेवलास दुपारी?"

"हो. ऐकलंस?"

"ऐकलं. मधले ते दोन जाडे पाहुणे तू आमंत्रण देऊन बोलावलेस ना?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परीक्षा घेतोस होय रे माझी? इतकं बेंगरूळ आता तुला चुकूनही जमायचं नाही. ते सोड. शेवटचं गाणं आणतोस ना, तेव्हा आधीची बाई अजून गात असते. तिची ओळ तरी पुरी होऊ दे की."

हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "मग इतके दिवस नुसतं छान का म्हणायचीस?"

"चूक काढली की तू विचारणार, कुठे? मग मला आपली खोली दिसायला लागते. बसमध्ये लोक असतात रे." तिने नाक ओढलं. "चल, उतरायचंय मला. मशीनला तेल घालतोस ना?"

"घालतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवून आधी तेलाची बाटली शोधली.

मग तो पुन्हा बसला. शेवटचं गाणं हेडफोनच्या कानात कधीचं तयार होतं. उघड्या कानात ती बाई अजून गात होती. पायडलवरचा पाय हलवत त्याने तिला सावकाश, पुरं गाऊ दिलं.